काक्षी मंदावला तेव्हा

मृगातल्या तांबूस काक्षीचं तेज आसपासच्या ताऱ्यांशी ताडून पाहायची मला सवय आहे. ती असणाऱ्या कुणालाही 2019 च्या अखेरचा काक्षी खटकलाच असणार. एरवी रोहिणीपेक्षा उजळ दिसणारा हा तारा तिच्या मागे पडला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये त्याची प्रत 0.5 वरून साधारण 1.6 वर गेली. प्रतीचा आकडा वाढला की तेज घटतं. म्हणजे नेहमीच्या उजेडाचा एक-तृतीयांशाहून थोडाच जास्त भाग उरला. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये, हा आक्षेप रास्त आहे. तांबड्या ताऱ्याकडे टक लावली की तो उगाच उजळ भासतो आणि क्षितिजाजवळ सगळेच तारे फिके पडतात. म्हणून नजर झटकन फिरवायची आणि तुलनेला साधारण तेवढ्याच उंचीवरचे तारे घ्यायचे. शिवाय इथे फरक एका प्रतीहून मोठा होता आणि प्रकाशमापकही तेच सांगत होते.

हा तारा आता फुटणार, असं तेव्हा सर्रास बोललं गेलं. मला ते मान्य नाही. ताऱ्याचं मरण गाभ्यात ठरतं आणि तिथलं शेवटचं इंधन, सिलिकॉन, दिवसभरातच संपतं. सूर्याच्या शेकडो पट त्रिज्येच्या आवरणाला तेवढ्यात त्याची दखल घेणंच अशक्य. मग मंदावलं काय? चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीच्या जानेवारी आणि डिसेंबर 2019 च्या प्रतिमा शेजारी ठेवल्या की दिसतं, दक्षिणेकडचा भाग तेवढा काळवंडला होता. वर्णपटावरून काढलेलं तापमान 3600 केल्विनच्या आसपास, म्हणजे किंचितच उतरलेलं. तेव्हा संशय धुळीवर जातो. यावर कुणी म्हणेल, मिलिमीटरहून लहान रेडिओलहरींतही तारा मंदावला होता आणि धूळ त्या लहरी अडवत नाही. हा मुद्दा वजनदार आहे, पण तो धुळीला बाद करत नाही. 2021 मध्ये मांडलेल्या विश्लेषणात दोन्ही गोष्टी जुळतात: पृष्ठभागाचा एक पट्टा थंडावला आणि आधी बाहेर फेकलेला वायू निवून त्याची धूळ झाली. हबलनेही 2019 च्या शरद ऋतूत दक्षिण गोलार्धातून बाहेर सरकणारा दाट, तप्त वायू अतिनील प्रकाशात टिपला होता.

धूळ नेमकी आपल्याच वाटेत कशी आली, ही शंका उरते. पण असा तारा उकळत्या पृष्ठभागावरून कुठल्याही दिशेला वायू फेकू शकतो; पलीकडच्या बाजूला फेकलेला ढग आपल्या वाटेत येत नाही, म्हणून त्याची नोंदही तेजाच्या आलेखात उमटत नाही.