पगारात तिचाही वाटा धर

मत्रह, मस्कत

चि. भाच्यास,

गावात काम नाही म्हणून ओमानला यायचं, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. येऊ नकोस असं म्हणत नाही मी, पण कारण खरं असू दे. रत्नागिरीच्या हापूसच्या बागांत हंगामभर राखणीला आणि फवारणीला नेपाळी माणसं असतात, मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर खलाशीही तेच. काम नसतं तर ती एवढ्या लांबून आली नसती. इथे ओमानातही बघ. निझवाकडच्या खेड्यांत फलज म्हणजे इथल्या जुन्या पाटांच्या पाण्यावर वाढवलेल्या खजुरीच्या बागा बऱ्याच ठिकाणी बांगलादेशी मजूर सांभाळतात. ओमानी तरुण मस्कतला नोकरी धरतात आणि गुरुवारी संध्याकाळी गावाची वाट धरतात. ओमानातल्या पाच फलजांना युनेस्कोनं 2006 साली जागतिक वारसा ठरवलं, तरी तरुणांचे पाय शहराकडेच वळले. काम दोन्हीकडे आहे. नाही तो दर महिन्याला ठरलेला पैसा, आणि लग्न ठरवताना चारचौघांत सांगता येईल असा हुद्दा.

आता पगाराचं. इथला पगार मोठा दिसतो त्याचं निम्मं कारण हे की माणूस इथे एकटा राहतो. बायकोमुलांच्या व्हिसाला पगाराची अट असते, आणि ती पुरी झाली तरी घरभाडं आणि शाळेची फी साध्या कामगाराच्या आवाक्यात येत नाही. कुटुंब गावातच राहतं. मग सासूसासऱ्यांचं औषधपाणी, मुलांचा अभ्यास, भाताची लावणी, बागेची देखरेख, बँकेतले आणि तलाठ्याकडचे हेलपाटे हे सगळं एकट्या बाईच्या अंगावर पडतं. ती हे फुकट करते म्हणून तुझ्या रियालमधून शिल्लक पडते. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,100 हून अधिक स्त्रिया होत्या, आणि जिल्ह्याची लोकसंख्या 2001 पेक्षा कमी झाली होती. मागे राहिलेल्यांवर किती भार आहे ते या दोन आकड्यांत दिसतं, पण कुणाच्याही पगाराच्या हिशोबात तो धरलेला नसतो.

तू म्हणशील, मुंबईच्या चाकरमान्यांचंही असंच होतं. होतं खरं. पण गिरणीतला माणूस गणपतीला, शिमग्याला गाडी पकडून घरी येत होता. 1982 च्या गिरणी संपानंतर तो आधारही हळूहळू गेला. इथे मात्र करार बहुधा दोन वर्षांचा, आणि रजा मालकाच्या सोयीची. घरात कोणी आजारी पडलं तर परवानगी आणि तिकीट दोन्ही मिळावं लागतं. आखाती पैशानं चिऱ्याची घरं उभी राहिली, कर्जं फिटली, बहिणींची लग्नं झाली, हे मी मनापासून मान्य करते. पैसे बायकोच्याच हातात येतात, मग तक्रार कसली, असंही कोणी विचारेल. खर्चाचे पैसे येतात, अधिकार येत नाही. बाग ती राखते, पण अवकाळीनं मोहोर गेला की पीकविमा आणि भरपाई सातबाऱ्यावरच्या नावानं मिळते, आणि ते नाव परदेशात असतं. कागदावर ती शेतकरी नसतेच. शरद जोशींनी शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांना जमीन बायकोच्या नावे करायला लावलं, ते याच अन्यायावर बोट ठेवून. कोकणातून परदेशी जाणाऱ्या घरांना त्याची गरज सगळ्यात जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा येणार असशील तर ये, पण आधी एजंटचा सरकारी परवाना तपास, करार शब्दन्‌शब्द वाच, किती वर्षं राहायचं ते आत्ताच ठरव, बँकेचं खातं दोघांच्या नावे कर आणि तुझ्या हिश्श्याच्या जमिनीवर सूनबाईचं नाव लावून घे. आणि तिला काय वाटतं ते तुझ्याकडून नको. तिलाच मला लिहायला सांग.

तुझी मावशी