ब्रेक दाबण्याची विद्या

वेगाचे वेड आमच्या घराण्यात पूर्वी कोणास नव्हते. आमचे तीर्थरूप उतार लागला की सायकलवरून खाली उतरून ती हातात धरून चालत. त्यामुळे आमचा भाचा श्रीधर रविवारी पहाटे ताम्हिणीच्या घाटात मित्रांशी मोटारीच्या पैजा मारतो, हे जेव्हा त्याच्या आईच्या कानी आले, तेव्हा ती तडक आमच्याकडे आली व "दादा, तू त्याला चार शब्द सांग," एवढेच म्हणून डोळे पुसू लागली. चार शब्द आम्ही सांगितले. ते ऐकून घेण्याची त्याची रीत इतकी नम्र होती की, त्यांचा उपयोग व्हावयाचा नाही हे आम्ही तत्काळ ओळखले.

"मामा, शर्यत ही श्रीमंतांची चैन. मग घाटाखेरीज आम्ही जायचं कुठे?" हा त्याचा प्रश्न मात्र आमच्या मनात राहिला.

चौकशी केली. कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनाही हीच अडचण जाणवली असावी. त्यांनी 1988 च्या सुमारास मारुति आठशेचे 796 घनसेंटिमीटरचे इंजिन बसवून एकट्याने बसावयाची स्वस्त शर्यतगाडी सिद्ध केली. सर्वांस एकाच बनावटीची गाडी मिळाली म्हणजे थैलीपेक्षा हाताला महत्त्व येते. 2005 साली फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेले नारायण कार्तिकेयनही आरंभी याच 'फॉर्म्युला मारुति'त धावले होते. करिवर्धन 1995 साली विमान-अपघातात गेले. कोइमतूरचा शर्यतमार्ग आज त्यांचे नाव मिरवितो.

याहूनही खालची पायरी म्हणजे कार्ट. ती मिनिटांच्या हिशेबाने भाड्याने मिळते. श्रीधरला घेऊन आम्ही पुण्याबाहेरच्या एका छोट्या मार्गावर गेलो आणि (भगिनीस हे अद्याप ठाऊक नाही) स्वतःही तीत बसलो. कार्टला स्प्रिंगा नसतात; प्रत्येक खाचखळगा थेट बरगड्यांस येऊन भेटतो. मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर जखडलेली. त्यामुळे वळणात आतले चाक क्षणभर हलके होऊन उचलले न गेल्यास गाडी वळावयास रुसते. आमची रुसली, आणि तोंड फिरवून उलटी उभी राहिली. श्रीधर आमच्याहून बरा. तरी बारा वर्षांची एक मुलगी, वेणी शिरस्त्राणाखाली खोचून, त्यास दोनदा मागे टाकून गेली.

शिकविणारे गृहस्थ त्यास म्हणाले, "तुम्ही वळणात शिरल्यावर ब्रेक दाबता. ब्रेक सरळ रस्त्यावरच आटपा. बाहेरच्या कडेने या, आतली कड शिवा, पुन्हा बाहेरच्या कडेला जा. नजर चाकापुढे नको, वळण संपतं तिथे ठेवा."

तासाभराने त्याचा वेळ सुधारला. पण परतताना तो गप्प होता. मुळशी ओलांडल्यावर म्हणाला, "मामा, ती रेघ धरायला सगळा रस्ता आपला असावा लागतो. घाटात बाहेरची कड समोरून येणाऱ्याची असते." आम्ही काही बोललो नाही. आमचे चार शब्द याहून बरे नव्हते.

रात्री त्याने खर्चाचा कागद मांडला: शिरस्त्राण, न पेटणारा अंगरखा, शिक्षणवर्ग, फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्जचा परवाना. शिक्षकांनी बजावले होते की, गाडीच्या किमतीने कोणी बुडत नाही. टायर आणि मोडतोड यांनी बुडतो. म्हणून पहिले वर्षभर भाड्याचीच कार्ट, आणि जो गाडी आपटील त्यानेच भरपाई द्यावयाची, असे ठरले.

भगिनीने कागद वाचलाच नाही. तिने एवढेच विचारले, "तिथे समोरून ट्रक येतो का?"

"नाही."

"मग जाऊ दे त्याला."

तेव्हापासून मोटारीची किल्ली रविवारी आमच्या खुंटीवर असते. श्रीधर पहाटेच्या बसने मार्गावर जातो. त्या मुलीस त्याने अजून गाठलेले नाही.