पत्र्यावरचा पाऊस

पाठ्यपुस्तकातलं जलचक्राचं चित्र देखणं असतं. एका कोपऱ्यात समुद्र, वर ढग, पलीकडे डोंगर, खाली नदी आणि बाण फिरून पुन्हा समुद्रापाशी. मी माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावीला शिकवते. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही, नदी पाहिली आहे ती कोरडी. टँकर मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. बाष्पीभवन, सांद्रीभवन, वृष्टी हे शब्द मुलं पाठ करतात, पण त्या चित्रात आपलं गाव कुठे, हे कुणी विचारत नाही. एका जूनमध्ये मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, ढग तर रोज जात्यात वरनं, मग पडत का न्हाईत?"

आम्ही भिंतीवरच्या नकाशापाशी गेलो. अरबी समुद्रावरून आलेली बाष्पाने भरलेली हवा सह्याद्रीला अडते, वर चढते, थंड होते आणि महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाट ओलांडून ती खाली उतरते तेव्हा तापते, ढग विरळ होतात. आमच्याकडे वर्षभरात पाचशेच्या आतबाहेर. जिल्हा मात्र एकच, सातारा. "म्हंजी आमचा पाऊस त्येंनी घेतला?" असं एकाने तावातावाने विचारलं. कुणी घेतला नाही, डोंगरामुळेच तिकडे एवढा पडतो, हे समजावायला मला बराच वेळ लागला आणि तो कारणी लागला. आपली खरी भिस्त परतीच्या पावसावर, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांवर, हे मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून विचारून आणलं. आमच्या पावसाच्या वहीत तारखेशेजारी नक्षत्राचाही रकाना आहे.

ती वही पर्जन्यमापकाची. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली, वरचा भाग कापून उलटा बसवलेला, बाहेरून पट्टी चिकटवलेली. तळाचे उंचवटे बुडेपर्यंत पाणी घालून तिथे शून्य. बाटली लिंबाच्या झाडापासून लांब, उघड्यावर. हवामान खात्याप्रमाणे नोंद सकाळी साडेआठची; शाळेशेजारची एक मुलगी ती घेते. मोठ्या तोंडाच्या डब्यात पाऊस जास्त भरेल, यावर वर्गात पैजा लागल्या होत्या. मग रुंद आणि अरुंद असे दोन सरळ डबे शेजारी ठेवले. पाऊस थांबल्यावर दोन्हीत पट्टी उभी धरली, तर उंची सारखीच! मुलांनी पट्टी पुसून पुन्हा मोजलं. पाऊस लिटरमध्ये न मोजता मिलिमीटरमध्ये का मोजतात, हे त्या दोन डब्यांनी माझ्यापेक्षा चांगलं शिकवलं.

उन्हाळ्यात वळवाबरोबर गारा पडल्या तेव्हा एक मोठी गार आम्ही पाटीवर ठेवून ब्लेडने कापली. आत कांद्यासारखे थर होते, एक दुधी, एक काचेसारखा. ढगातल्या जोरदार वाऱ्याने उचलून धरलेल्या गारेवर बर्फ चढत जातो, तो कधी झटकन तर कधी सावकाश गोठतो, म्हणून हे थर. पाहता पाहता ती वितळली.

पण मुलांना सगळ्यात लागला तो पत्र्याचा हिशोब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या एका वर्गाचा पत्रा दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद. वर्षाच्या पाचशे मिलिमीटरचे किती? फळ्यावर तीस हजार लिटर असं उत्तर आलं आणि वर्ग गप्प झाला. दहा हजार लिटरचे तीन टँकर, आणि तेही एका खोलीच्या पत्र्यावरून!

हे पाणी जातं कुठे, तेही नकाशावर बोट ठेवून पाहिलं. बरंचसं ऊन आणि पिकं पुन्हा हवेत पाठवतात. ओढ्याने वाहिलंच तर माणगंगेत, म्हसवडवरून सांगोल्याकडे, पुढे भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. ढग येतो पश्चिमेच्या समुद्रातून, पाणी उतरतं पूर्वेच्या समुद्रात. पुस्तकातल्या चित्रात समुद्र एकच आहे. आमच्या मुलांनी वहीत दोन काढले आणि मधे गाव काढलं. मला ते चित्र अधिक खरं वाटतं.

पत्र्याला आता पन्हळ बसली आहे आणि खाली टाकी. टाकी लहान आहे, एका चांगल्या पावसात भरून वाहते. दुसऱ्या टाकीसाठी मुलांनी वहीतल्या नोंदी जोडून अर्ज लिहिला आहे. तो मी वाचणार नाही. ग्रामसभेत उभं राहून मुलंच वाचणार आहेत, पत्र्याच्या लांबीरुंदीसकट.