ढकलणारा डावीकडे

कोऱ्या कागदावर एक गोल आणि एक चौकोन काढा. अट एकच: गोल चौकोनाला ढकलतोय असं दिसलं पाहिजे. डावीकडून उजवीकडे वाचणारी माणसं सहसा गोल डावीकडे काढतात, चौकोन उजवीकडे. वाक्यात डाव्या-उजव्याचा उल्लेखही नसतो. तरी करणारा डावीकडे उभा राहतो आणि क्रिया उजवीकडे सरकते.

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. डोंबिवलीजवळच्या मानपाड्यात, कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूला, स्ट्रोकनंतर बोलणं हरवलेल्या रुग्णांसोबत काम करते. (ठाण्यातलं घोडबंदर रोडवरचं मानपाडा वेगळं. पत्ता शोधत नातेवाईक तिकडे पोचतात, म्हणून सांगितलं.) मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना ‘मुलगा’, ‘मुलगी’, ‘ढकलणं’ हे सुटे शब्द नीट कळतात, पण कोणी कोणाला ढकललं, ही गाठ सुटलेली असते. मराठीत ती गाठ ‘ने’ आणि ‘ला’ बांधतात. ‘मुलाने मुलीला ढकललं’ म्हणा किंवा ‘मुलीला मुलाने ढकललं’, अर्थ तोच. नेमके हे दोन बारके प्रत्ययच अशा वाचाघातात अनेकदा निसटतात.

ते निसटलेत की नाही, हे पाहायला आम्ही चित्रं वापरतो. समोर दोन कार्डं. एकावर डावीकडचा मुलगा उजवीकडच्या मुलीला ढकलतोय; दुसऱ्यावर मुलगी डावीकडे आणि ढकलणारी तीच. मी म्हणते, “काका, मुलाने मुलीला ढकललं. कुठलं चित्र?” काका डाव्या हाताने, कारण उजव्यात अजून बळ नाही, पहिल्या कार्डावर बोट ठेवतात. बरोबर. मुलीने मुलाला ढकललं म्हटलं की दुसऱ्यावर. तेही बरोबर. शेजारी बसलेल्या काकूंचा चेहरा खुलतो. मग मी तीच दोन चित्रं आरशातल्यासारखी उलटी काढलेली ठेवते. ढकलणारा आता उजवीकडे. वाक्य तेच. काकांचं बोट थबकतं, आणि ज्या कार्डावर मुलगा डावीकडे आहे, म्हणजे ढकलला जातोय, त्यावर जातं. वाक्यात आधी ऐकलेलं माणूस चित्रात डावीकडे शोधायचं, एवढ्या एका वाटेवर ते चालत होते. कार्डं उलटली नसती, तर ‘आकलन उत्तम’ असा शेरा मारून मी त्यांना चुकीच्या व्यायामाला लावलं असतं.

असाच एक रुग्ण न्यूरोलॉजिस्ट अंजन चॅटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995मध्ये नोंदवला. नंतर त्यांनी निरोगी माणसांकडून चित्रं काढून घेतली, तर त्यांच्याही रेघोट्यांत करणारा डावीकडेच. याचं मूळ मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्धगोलांच्या कामात असावं, असा चॅटर्जींचा कयास होता. 2003मध्ये अ‍ॅन मास आणि ऑरोर रुसो यांनी इटालियन आणि अरबी भाषकांना हेच करायला दिलं. उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्या अरबी भाषकांत दिशा उलटली. म्हणजे आयुष्यभर डोळे ज्या बाजूने ओळ गाठतात, त्याचा यात मोठा वाटा आहे. पुढे फुटबॉलच्या गोलवरही हेच दिसलं: खेळाडू डावीकडून उजवीकडे धावला तर इटालियन प्रेक्षकांना गोल अधिक जोरकस आणि सुंदर वाटला, अरबी भाषकांना उलट दिशेचा. आपल्याकडच्या हिंदी आणि उर्दू वाचकांवर ज्योत्स्ना वैद यांनी 1989पासून काम केलं आहे, आणि लिपीच्या दिशेची छाप तिथेही सापडते.

मास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं आणखी एक निरीक्षण मला जास्त टोचतं. ज्यांना समाज कर्ते समजतो त्यांना चित्रात डावी जागा मिळते. बाईच्या डावीकडे पुरुष. बाजारात मिळणारे कार्डांचे संच चाळले की मला हेच दिसतं. बाबा डावीकडून काहीतरी देतात, आई उजवीकडे घेते. बोलायला नव्याने शिकणाऱ्या रुग्णासमोर रोज हेच पसरायचं, हे मला मान्य नाही.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक क्रियेची चार चित्रं आहेत. नुसती छपाई उलटी करून भागत नाही. मागच्या एसटीवरची पाटीही उलटी होते, आणि रुग्ण ढकलणं सोडून तीच वाचत बसतो. शिवाय मेंदूच्या उजव्या भागाला इजा असेल, तर काहींचं डावीकडे लक्षच जात नाही. ताटाच्या डाव्या बाजूची कोशिंबीर तशीच उरते. अशांना चित्रं शेजारी-शेजारी न ठेवता वर-खाली ठेवावी लागतात, किंवा टेबलावर बाहुल्यांनी करून दाखवावं लागतं.

शीळफाट्यावरून मुंब्र्याचे रुग्ण येतात. त्यांतल्या काहींची शाळा उर्दू माध्यमातली, नोकरी मराठी-इंग्रजी कागदांत, आणि आकडे तर उर्दूतही डावीकडून उजवीकडेच लिहिलेले. अशा चाचांचा ‘करणारा’ कुठल्या बाजूला उभा असेल, हे मला आधी सांगता येत नाही. त्यामुळे पहिल्या भेटीत, एमआरआयचा रिपोर्ट उघडण्याआधी, मी घरच्यांना विचारते: चाचा पेपर कुठल्या भाषेतला वाचायचे? आणि उत्तर येईपर्यंत चारही चित्रं बाहेर काढून ठेवते.