कोरा करकरीत जुना फोन

आमच्या घरात नवा फोन एकच माणूस घेतो, बाकीच्यांना तो वारशाने मिळतो. माझा जुना आईकडे, आईचा गावी काकांकडे आणि काकांचा गोठ्याशेजारच्या खोलीत, नुसती भजनं ऐकायला. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या मालकाचं सगळं पुसावं लागतं. ही कामगिरी वर्षानुवर्षं माझ्याकडे असल्यामुळे फॅक्टरी रीसेटचे बहुतेक अवतार मी पाहिले आहेत.

पहिला अवतार अगदीच निरुपद्रवी होता. माझा पहिला फोन नोकिया ११००, डोक्यावर टॉर्च असलेला, २००३ साली बाजारात आलेला. त्याच्या सेटिंगमध्ये रीसेटचा पर्याय होता आणि तो सिक्युरिटी कोड मागायचा. बहुतेकांनी तो कधी बदललेलाच नसायचा, म्हणजे १२३४५. हॉस्टेलवर एकमेकांच्या फोनवर हा उद्योग चालायचा. त्याने रिंगटोन आणि बाकीच्या सेटिंग पहिल्यासारख्या व्हायच्या, नावं आणि नंबर जागच्या जागी. पुढे सिम्बियनचे फोन आले आणि त्यांच्याबरोबर एक मंत्र आला: स्टार, हॅश, ७३७०, हॅश. हा मात्र खरोखर भस्म करणारा. फोनच्या मेमरीतलं काही म्हणजे काही उरायचं नाही. गंमत म्हणून कुणाच्या फोनवर तो टाकायचा नाही, एवढी सभ्यता आम्ही पाळत होतो.

मग स्वस्त अँड्रॉइड आले. त्यांत जागा इतकी तुटपुंजी की चार ॲप घेतली की फोन गळपटायचा. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दाटी आहे. तिथला दुकानदार फोन हातात घेऊन गंभीरपणे म्हणायचा, ‘काका, सॉफ्टवेअर मारावं लागेल.’ मी तेव्हा काका म्हणवून घेण्याच्या वयाचा नव्हतो, पण ते असो. तो फोन बंद करायचा, आवाजाचं आणि पॉवरचं बटण एकत्र दाबायचा. काळ्या पडद्यावर इंग्रजी यादी उमटली की आवाजाच्या बटणाने खाली उतरून पॉवरच्या बटणाने होकार द्यायचा. झालं. पैसे सॉफ्टवेअरचे, काम रीसेटचं. ते एकदा पाहिलं आणि त्या दुकानाच्या पायऱ्या चढणं संपलं.

आपण पुसतो म्हणजे नेमकं काय करतो, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नव्हता. २०१५ साली केंब्रिज विद्यापीठातल्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी तो पाडला. त्यांनी पाच कंपन्यांचे २१ वापरलेले अँड्रॉइड फोन घेतले, रीसेट केले आणि आत काय उरलंय ते खणून पाहिलं. मेसेज सापडले, फोटो सापडले, इतकंच काय, गुगल खात्यात शिरायची खूणही बहुतेक फोनांतून परत मिळाली. नीट न पुसले जाणारे फोन जगात ५० कोटींपर्यंत असू शकतील, असा त्यांचा अंदाज होता. अँड्रॉइड २.३ ते ४.३ या काळातले हे फोन. म्हणजे मी काकांकडे मोठ्या विश्वासाने ‘कोरे’ करून पाठवत होतो, तसलेच.

त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड ६ पासून पुरेशा ताकदीच्या नव्या फोनांत साठवलेली माहिती एन्क्रिप्ट करणं सक्तीचं झालं. आता रीसेट केला की फोन मुख्यतः ती उलगडायची किल्ली फेकून देतो. घराला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकावी तसं: सामान आत असलं तरी कुणाच्या कामाचं नाही.

फोन हँग झाला की रीसेट मारा, हा सल्ला आजही सर्रास मिळतो. माझ्या मते तो फार महाग सल्ला आहे. रीसेटने फोन खरेदीच्या दिवसाकडे परत जात नाही. दरम्यान आलेली अपडेट तशीच राहतात, बॅटरीचं वय एका दिवसानेही कमी होत नाही, आणि तीच जड ॲप पुन्हा भरली की काही आठवड्यांत रडगाणं सुरू. रीसेट हवा तो फोन दुसऱ्याच्या हाती जाताना.

पण तिथेही एक गोम आहे, आणि ती मला आईने दाखवली. माझा फोन पुसून तिच्यासाठी तयार केला तेव्हा तिचा जुना समोर ठेवून मी विचारलं, ‘यातलं काय काय हवंय?’ ‘माझं काय असणार त्यात? पुसून टाक,’ ती म्हणाली. नंबर आले, फोटो आले, व्हॉट्सॲपवरचं भिशीचं अख्खं भांडण आलं. तरी संध्याकाळी नवा फोन हातात धरून ती म्हणाली, ‘हा राहू दे, माझा दे.’ ती चिन्हांची नावं वाचत नव्हती, जागा ओळखत होती. खालच्या कोपऱ्यातलं हिरवं म्हणजे मावशी. कॉलच्या यादीत वरून तिसरा म्हणजे दूधवाला. अक्षरं मोठी केलेली, बीपीच्या गोळीचा गजर लावलेला, आणि ‘हरि’ टाइप केलं की ‘हरितालिका’ सुचवणारा कीबोर्ड. हे सगळं तिने स्वतः, कुणालाही न विचारता, वर्षानुवर्षं घडवलेलं होतं. बॅकअपमध्ये तिची माहिती आली होती, हाताची सवय आली नव्हती. पुढचा आठवडा जुना फोन शेजारी ठेवून, बघून बघून, मी नवा लावत होतो.

तेव्हा दिवाळीच्या एक्सचेंजमध्ये फोन देणार असाल तर चॅटचा बॅकअप झालाय का ते आधी बघा. कॉल रेकॉर्डिंग वेगळी उतरवून घ्या, ती सहसा बॅकअपमध्ये जात नाहीत. मेमरी कार्ड काढा. मग गुगल खातं काढा, आणि त्यानंतरच पुसा. अँड्रॉइड ५.१ पासून नुसती बटणं दाबून बाहेरून पुसलेला फोन जुन्या खात्याची ओळख पटवल्याशिवाय उघडत नाही. चोरांविरुद्ध केलेली ही सोय फोन घेणाऱ्या भल्या माणसालाही अडवते. आणि फोन आईचा असेल, तर पुसण्याआधी तिच्या पहिल्या स्क्रीनचा एक फोटो काढून ठेवा.