गेंडामाळावरून वाटेगावला

७ नोव्हेंबर जवळ आला की आमच्या वस्तीत साताऱ्याचा विषय निघतोच. १९०० साली याच तारखेला बाळ भीमाचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झालं. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतं. पण आपल्या समाजाला त्यासाठी सरकारी कागदाची वाट पाहावी लागली नव्हती. या खेपेला आम्ही चार घरची माणसं, सोबत लेकरंबाळं आणि दोन म्हाताऱ्या, असे पहाटेच्या एस.टी.नं निघालो. भाकरी, पिठलं, ठेचा बांधून घेतला होता.

साताऱ्यात उतरल्यावर आधी माता भीमाबाईंच्या स्मारकाशी जाऊन वंदन केलं. १८९६ साली याच गावी त्या गेल्या, तेव्हा भीमराव जेमतेम पाच वर्षांचे होते. तिथून शाळेकडं गेलो. जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या या शाळेच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद आहे. आम्ही मुलांना ते सांगत होतो, तेवढ्यात सातवीतल्या एका पोरीनं पाटीकडं बोट दाखवून विचारलं, “शाळा बाबासाहेबांची, मग नाव प्रतापसिंह कसं?”

प्रश्न बरोबर होता आणि आमच्यातल्या निम्म्या मोठ्या माणसांना उत्तर ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी तिथंच सावलीत बसून सांगितलं, ते असं.

छत्रपती प्रतापसिंह हे साताऱ्याचे राजे. कंपनी सरकारनं १८३९ साली त्यांना गादीवरून उतरवलं आणि काशीला पाठवलं. तिथंच १८४७ मध्ये ते वारले. त्यांच्या मागून गादीवर बसलेले भाऊ १८४८ मध्ये वारले, तेव्हा औरस वारस नाही म्हणून इंग्रजांनी राज्यच खालसा केलं. राजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते हे लंडनला जाऊन वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या करत राहिले. दाद लागली नाही. परत आल्यावर १८५७ साली त्यांनी उठावाची जुळवाजुळव केली.

ही जुळवाजुळव कुणाच्या जिवावर? सरदार-जहागीरदारांच्या नव्हे. रामोशी, मातंग, कोळी अशा डोंगरकपारीतल्या आणि गावकुसाबाहेरच्या माणसांच्या जिवावर. रामोशी म्हणजे पिढ्यान् पिढ्या गडांची आणि गावांची राखण करणारे. कंपनीचं राज्य आल्यावर त्यांची चाकरी आणि हक्क गेले. उमाजी नाईकांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी झाली, ती याच असंतोषातून. त्यांच्यानंतरही पोटाचा प्रश्न तसाच होता. अशा माणसांना तुरुंग फोडायचा, खजिना घ्यायचा, इंग्रजांच्या छावणीवर चालून जायचं, असं सांगण्यात आलं. दुसरीकडूनही लोक उठतील, अशी आशा होती.

उठाव झालाच नाही. जून महिन्यात मानसिंग नावाच्या एका शिपायाला पलटणीत चिथावणी दिल्याबद्दल फाशी देण्यात आलं. पुढं कट फुटला आणि धरपकड सुरू झाली. रंगो बापूजी निसटले, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. जे गावाकडं, घरीदारी होते, ते सापडले.

ही हकीगत ऐकल्यावर मुलं म्हणाली, “जागा दाखवा.” म्हणून आम्ही गेंडामाळावर गेलो. ८ सप्टेंबर १८५७ रोजी या माळावर १७ जणांना देहदंड दिला गेला. पाच जणांना फाशी, सहा जणांना गोळ्या आणि सहा जणांना तोफेच्या तोंडी. रंगो बापूजींचा मुलगा सीताराम त्यात होता, तसेच रामोशीही होते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला चार भिंती नावाची जागा आहे, तिथंही १८५७ चं स्मारक आहे. आम्ही दोन्ही ठिकाणी नुसतं उभं राहिलो. माळाला आता शहरानं वेढलं आहे. रिक्षांचे भोंगे वाजत होते, शाळा सुटलेली पोरं सायकलीवरून जात होती.

तिथं आमच्यात थोडा वाद झाला. एक भाऊ म्हणाले, “हा उठाव राजाच्या गादीसाठी. गादी परत आली असती तर आपल्याला काय मिळणार होतं? गळ्यातलं मडकं परत आलं असतं.” दुसरे म्हणाले, “खरं आहे. पण तोफेपुढं उभा राहिलेला रामोशी काही गादीवर बसणार नव्हता. त्याचं पोट गेलं होतं, मान गेला होता, म्हणून तो आला. त्याला आपण परका कसा म्हणायचा?”

आम्हांला दोघांचंही पटलं. गादी एकाची आणि मान दुसऱ्याची, हा जुना व्यवहार आहे. तो केवळ आपल्या देशातला नाही. ज्या इंग्रजांनी ही तोफ डागली, त्यांच्या मुलखातल्या गरिबांनाही तो चुकला नाही.

इंग्लंडात डर्बीशायर भागात पेंट्रिच नावाचं खेडं आहे. १८१७ साल होतं. लढाया संपून बेकारी आली होती, आदल्या वर्षीचं पीक बुडालं होतं, भाकरी महाग झाली होती. ९ जूनच्या रात्री पावसात तिथले मोजे विणणारे, दगडखाणीतले आणि लोखंडाच्या भट्टीवरचे दोन-तीनशे मजूर भाले, काठ्या, चार-दोन बंदुका घेऊन नॉटिंगहॅम शहराकडं निघाले. पुढारी होता जेरेमाया ब्रँड्रेथ, तोही बेकार विणकर. वाटेत त्याच्या हातून एका शेतघरातला गडी मारला गेला, हेही लपवायचं कारण नाही. सगळीकडची माणसं उठणार आहेत, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. मजुरांच्या पुढाऱ्यांत मिसळून असं सांगत फिरणारा ऑलिव्हर नावाचा इसम सरकारचाच हेर निघाला. दुसरं कुणी उठलं नाही. घोडेस्वार दिसताच लोक पांगले. ब्रँड्रेथ, टर्नर आणि लडलम या तिघांना डर्बीत फासावर चढवून मग त्यांची मुंडकी उडवली, आणि चौदा जणांना ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलं.

तो फाशीचा दिवस होता ७ नोव्हेंबर १८१७. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावची लढाई झाली. म्हणजे आपले पूर्वज ज्यांच्या पलटणीत लढत होते, तेच राज्यकर्ते आपल्या घरच्या उपाशी विणकरांना त्याच काळात फासावर देत होते. गोरा-काळा हा भेद मोठा खरा, पण सत्तेपुढं गरीब माणूस तिकडंही एकटाच पडला.

दुपारी साताऱ्याहून कराडकडं निघालो. वाटेत उंब्रज लागतं. तिथून मसूरला रस्ता फुटतो. मसूर म्हटलं की आपल्याला बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली हकीगत आठवते. १९०१ साली वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली ती चार मुलं मसूर स्टेशनावर उतरली. महाराची मुलं म्हटल्यावर गाडीवाला मिळेना. अखेर दुप्पट भाडं देऊन गाडी मिळाली, पण मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान पायी चालणार या अटीवर. रात्रभर कुणी पाणी दिलं नाही. गेंडामाळावरच्या तोफा थंड होऊन तेव्हा ४४ वर्षं झाली होती. गादी गेली आणि राणीचं राज्य आलं, तरी तहानलेल्या लेकराच्या ओंजळीत पाणी पडलं नाही.

कराड ओलांडून सांगली जिल्ह्याच्या हद्दीत आलो. हा सारा मुलूख पूर्वी एकच सातारा जिल्हा. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. १९४२ नंतरच्या प्रतिसरकारच्या कथा इथं गावोगाव सांगतात. आम्हांला मात्र जायचं होतं वाटेगावला, म्हणून कासेगावला उतरून आत जाणारी वडाप धरली. दोन्ही बाजूंनी ऊस उभा होता.

वाटेगाव हे अण्णा भाऊ साठे यांचं जन्मगाव. १ ऑगस्ट १९२० रोजी इथल्या मांगवाड्यात ते जन्मले. पोरवयात घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला गेले, गिरणीत राबले, आणि १९५९ मध्ये त्यांनी ‘फकिरा’ ही कादंबरी दिली. तिला राज्य शासनाचं पारितोषिक मिळालं. ती त्यांनी अर्पण केली आहे बाबासाहेबांच्या लेखणीला. फकिरा हा कल्पनेतला वीर नाही. तो अण्णा भाऊंच्या नात्यातला, याच मातीतला माणूस. गावासाठी जोगणी आणताना त्याचा बाप राणोजी मारला गेला. दुष्काळात माणसं मरायला लागली तेव्हा फकिरानं धान्य लुटून वाटलं, पुढं सरकारी खजिना लुटला. सरकारनं त्याला थेट गाठलं नाही. त्याच्या माणसांना, बायापोरांना ओलीस धरलं. ती सुटावीत म्हणून तो आपण होऊन हजर झाला.

हाही उठाव हरलेलाच. पण हरल्यावर काय होतं, ते या कादंबरीतल्या मांगवाड्यानं दाखवलं आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यानं जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरल्या. पाळण्यातल्या पोरावरही शिक्का. रोजची हजेरी, गावाबाहेर जायचं तर परवानगी. एका हरलेल्या बंडाचा दंड असा पिढ्यांना भरावा लागतो.

स्मारकापाशी बसून डबे सोडले तेव्हा आमच्यातल्या थोरल्या आत्याबाई बोलायला लागल्या. त्या सकाळपासून गप्प होत्या. म्हणाल्या, “माझ्या आज्याकडं महारकीचं वतन हुतं. हातात घुंगराची काठी. चोरी झाली, कुणी फरारी झालं, की पाटलाचं बोलावणं यायचं. पुढं हून माग काढायचा. आज्याला पाऊल वळखता यायचं. माग मांगवाड्यात गेला की फौजदार तिथनं पुढं बघायचा. आज्या घरी येऊन जेवायचा न्हाई. हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हवतं.”

आमच्या हातातला घास हातातच राहिला. मांगवाडा आणि महारवाडा यांच्यात अंतर का पडलं, याची पुस्तकी उत्तरं आम्ही पुष्कळ ऐकली होती. हे उत्तर पहिल्यांदाच ऐकलं. एका उपाशी माणसाच्या मागावर दुसऱ्या उपाशी माणसाला सोडायचं आणि त्या कामाला वतनाचा मान म्हणायचं! पेंट्रिचचा ऑलिव्हर पैशासाठी गेला. आत्याबाईंच्या आज्याला न जाण्याची मुभाच नव्हती.

बाबासाहेबांनी महारवतनावर घाव घातला तो का, हे आम्हांला वाटेगावात नीट कळलं. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी वतनसुधारणेचं बिल आणलं. लोक म्हणत होते, हातची भाकरी कशाला घालवता? ती भाकरी नव्हती, तो गळ्यातला दोर होता. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५८ च्या कायद्यानं, ही वतनं गेली. गुन्हेगार जमातींचा कायदाही ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला.

आणखी एक गोष्ट. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं की आता घटनेचा मार्ग खुला आहे, तेव्हा रक्तरंजित क्रांतीची वाट सोडली पाहिजे. काहीजण याला भित्रेपणा समजतात. त्यांनी गेंडामाळावर जाऊन उभं राहावं. घाईनं पेटवलेल्या उठावात आधी कुणाची मान जाते, मागं कुणाची पोरं हजेरी देत बसतात, हे ज्याला ठाऊक होतं, त्या माणसाचं ते बोलणं आहे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, यात संघर्ष सुटलेला नाही. फक्त त्यात मान कुणाची आणि गादी कुणाची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं आहे.

परत निघताना मांगवाड्यातल्या एका ताईंनी पाण्याचा तांब्या आणि गूळ पुढं केला. चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. आत्याबाई त्यांच्या शेजारी बसल्या. काय बोलल्या ते आम्ही ऐकलं नाही. उठताना मात्र दोघींचेही डोळे ओले होते.

आमची वाचकांना एवढीच विनंती आहे. ७ नोव्हेंबरला साताऱ्याला जाल तेव्हा शाळा पाहून माघारी फिरू नका. मुलांना गेंडामाळावर न्या, सतराजणांची गोष्ट सांगा. जमलं तर वाटेगावला जा. आणि घरात कुणी आत्याबाईंसारखं म्हातारं माणूस असेल तर त्याला शेजारी बसवून विचारा की, आपला आजा काय काम करत होता? उत्तर ऐकून मान खाली घालू नका, त्या म्हाताऱ्यालाही घालू देऊ नका. ते उत्तर मुलांच्या वहीत लिहून ठेवा.

आमच्या त्या सातवीतल्या पोरीनं गाडीतच वही काढली होती. पहिल्या ओळीवर तिनं आत्याबाईंच्या आज्याचं नाव लिहिलं.

जयभीम.