ख़ालीचा हाली होतो तेव्हा

उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्याचं अर्धं आयुष्य ठिपके शोधण्यात जातं. बे, पे आणि ते ही अक्षरं अंगाने एकसारखी. खाली एक ठिपका असेल तर बे, तीन असतील तर पे, वर दोन असतील तर ते. मराठीतही अनुस्वार गेला की 'चिंते'ची 'चिता' होते. मुलांच्या वह्यांत हे रोज दिसतं. यंदा जूनमध्ये आमच्या घरचा प्रिंटरही तेच करू लागला.

घरी इंकजेट घेण्याचं कारण साधं आहे. आमच्या भागात झेरॉक्सची दुकानं भरपूर, पण उर्दू टाइप करून देणारं कोणी नाही. बालभारतीची पुस्तकं उर्दूत मिळतात, सरावाचे कागद मात्र शिक्षकानेच तयार करायचे. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी पाठ्यपुस्तक सोडून वाचायला उर्दूत काहीच नसतं. त्यामुळे सरांनी दिलेला कागद त्यांच्यासाठी पुस्तकाइतकाच खरा असतो.

सुट्टीनंतरच्या पहिल्याच पानावर आडव्या पांढऱ्या रेघा आल्या. अक्षरातून एखादी रेघ गेली तरी ते ओळखू येतं. ठिपका रेघेत सापडला तर तो पूर्ण नाहीसा होतो. मी ते पान पाचवीतल्या माझ्या मुलीला वाचायला दिलं. "गिलास ख़ाली है" हे वाक्य तिने "गिलास हाली है" असं वाचलं. खेवरचा ठिपका गेला की हेच उरतं, म्हणजे तिचं वाचन बरोबरच होतं. हाली म्हणजे 'मुसद्दस' लिहिणारे शायर अल्ताफ हुसैन हाली. मी विचारलं, "बेटा, गिलास हाली कैसे होगा?" ती म्हणाली, "अब्बू, काग़ज़ पे ऐसाच है."

हे उत्तर मला पांढऱ्या रेघांपेक्षा जास्त लागलं. अर्थ जुळत नाही हे तिला कळत होतं, तरी तिने कागदाचंच ऐकलं.

प्रिंटरकडे वळलो. आधी दोष कुठे आहे ते ठरवावं लागतं. त्याच पानाची पीडीएफ मोबाइलवर उघडली, तर सगळे ठिपके जागेवर होते. म्हणजे फॉन्ट निर्दोष. मग मेनूतून नोझल चेकचं पान काढलं. त्यातल्या काळ्या रंगाच्या जाळीत मधल्या रेघा तुटलेल्या होत्या. इंकजेटच्या हेडला केसाहून बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून शाईचे अतिसूक्ष्म थेंब उडतात. प्रिंटर बरेच दिवस पडून राहिला की शाईतलं पाणी उडून जातं, रंग छिद्रात सुकतो आणि तेवढी जागा कोरी राहते.

दुरुस्तीवाल्याने फोनवरच "हेड बदला" असं सांगितलं. खर्च जवळजवळ नव्या प्रिंटरइतका. त्याआधी हेड क्लीनिंग करून पाहायचं ठरवलं. ते सलग दहादा करू नये. प्रत्येक वेळी बरीच शाई खर्च होते आणि ती आतल्या पॅडमध्ये जमते. पॅड भरला की काही प्रिंटर कामच थांबवतात. मी दोनदा केलं, प्रत्येक वेळी नोझल चेक काढला. दोन रेघा तुटलेल्याच राहिल्या. मग प्रिंटर बंद करून रात्रभर तसाच ठेवला, म्हणजे सुकलेली शाई ओली व्हायला वेळ मिळतो. सकाळी आणखी एकदा क्लीनिंग केलं आणि जाळी पूर्ण आली.

आणखी एक गोष्ट. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करावा, भिंतीवरच्या बोर्डावरून नाही. बटण दाबलं की हेड रबरी टोपीखाली जाऊन बसतं आणि सुकण्यापासून वाचतं. छपाई चालू असताना बोर्ड बंद केला तर ते उघडंच राहतं.

आमच्या लिपीत ठिपक्याला जुना मान आहे. नस्तालीक़ लिहिणारे कातिब अक्षराची उंची-लांबी कलमाच्या नुक़्त्याने मोजत. 1981 मध्ये लाहोरचं 'जंग' संगणकावरच्या नूरी नस्तालीक़मध्ये निघू लागलं. हळूहळू कातिबांची गरज संपली. त्यांच्याबरोबर प्रत्येक ठिपका डोळ्यांखालून घालणारा एक माणूसही कमी झाला. ते काम आता माझ्यासारख्या शिक्षकाकडे आलं आहे.

म्हणून मी एक चाचणीचं पान केलंय. त्यात एक, दोन आणि तीन ठिपक्यांची उर्दू अक्षरं आहेत, खाली 'चिंता', 'रंग', 'मंद' असे मराठी शब्द. दर जुम्याच्या संध्याकाळी ते छापतो. त्यामुळे शाई वाहती राहते. ते पान मुलगी तपासते. हरवलेला ठिपका सापडला तर लाल पेनाने गोल करते आणि मला दाखवते.

आता वर्गातही सरावाच्या कागदावर मी मुद्दाम एक ठिपका खोडून ठेवतो आणि मुलांना तो शोधायला सांगतो. गेल्या आठवड्यात शेवटच्या बाकावरचा मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, ये काग़ज़ ग़लत है." त्याने मी खोडलेला ठिपका शोधलाच नव्हता. माझ्याही नजरेतून सुटलेला दुसराच ठिपका त्याला दिसला होता.